सातबारा डेटाबेसमध्ये कसा राहतो?

• नमुना 7: जमीन कोणाची, हक्क कोणता, बोजा किती. नमुना 12: पीक. दोन्ही मिळून सातबारा. नमुना 6: फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद. 8-अ: खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन.

• वहीच्या काळात फेरफार मंजूर झाला, की सातबारा आणि 8-अ हातानेच वेगवेगळे दुरुस्त होत. एक राहिला, की दोन कागदांत दोन मालक! डेटाबेसमध्ये नोंद एकदाच होते; तक्ते गट क्रमांक आणि खाते क्रमांकाने जोडलेले असतात.

• ट्रॅन्झॅक्शन: सगळे टप्पे पूर्ण, नाहीतर एकही नाही. मध्येच वीज गेली तरी अर्धवट फेरफार उरत नाही.

• इंडेक्स: लाखो नोंदी न चाळता थेट हवा तो गट.

• तक्ते असे जोडण्याची रिलेशनल पद्धत: एडगर कॉड, आयबीएम, 1970.

• ऑनलाइन उतारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विभागानुसार शोधायचा. उदा. सातारा (11 तालुके) आणि सांगली (10) हे दोन्ही जिल्हे पुणे विभागात.

• ई-पीक पाहणी: 2021पासून राज्यभर. पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो.

• विनास्वाक्षरी ऑनलाइन उतारा फक्त माहितीसाठी. सरकारी कामाला डिजिटल स्वाक्षरीचा लागतो.