हृदयाची स्वतःची चेतासंस्था आणि बिघडलेली लय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदयाचा प्रत्येक ठोका मेंदूच्या हुकमाने पडतो, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः शरीरातून काढलेल्या हृदयालाही प्राणवायू आणि पोषक द्रव मिळत राहिला, तर ते काही काळ आपणहून ठोके देत राहते. १९६७ साली केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे माणसावरील पहिले प्रत्यारोपण केले, तेव्हापासून तर याचा प्रत्यय असंख्य रुग्णांत आला आहे. प्रत्यारोपणात मेंदू आणि मज्जारज्जूकडून येणारे चेतातंतू तुटतात, तरीही नवे हृदय मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोक्यांच्या गतीने चालते. ही गती विश्रांत अवस्थेतील निरोगी माणसाच्या नेहमीच्या गतीपेक्षा अधिक असते, कारण मेंदूपासून छातीत उतरणाऱ्या व्हेगस चेतेचा एरवीचा लगाम तिथे उरलेला नसतो.

यावरून काही जण दुसरे टोक गाठतात आणि ठोका हृदयातील चेतापेशीच निर्माण करतात असे मानतात. तेही खरे नाही. ठोक्याचा उगम उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या, भिंतीतील सायनस नोडमध्ये होतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली वर्णन केलेले हे केंद्र विशेष प्रकारच्या स्नायुपेशींचे असते आणि तिथून निघालेला विद्युत्‌संदेश पुढे नेणारी वाटही स्नायूंचीच असते. हृदयाची चेतासंस्था याहून निराळी आहे. अलिंदांच्या मागील बाजूस, फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरांच्या मुखांजवळ, चरबीच्या थरात चेतापेशींचे लहान लहान पुंजके असतात. त्यांना गुच्छिका म्हणतात, आणि बाहेरून आलेले आदेश व हृदयातूनच मिळणारी माहिती यांचा मेळ घालून त्या ठोक्यांचा वेग आणि जोर कमी-अधिक करतात. कॅनडातील संशोधक जे. अँड्र्यू आर्मर यांनी या जाळ्याला हृदयावरचा छोटा मेंदू म्हटले, आणि त्या शब्दांवर हृदयात आठवणी व भावना साठतात अशा कल्पनांचे इमले रचले गेले. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, हृदयावरील चेतापेशी हजारांत मोजल्या जातात. त्यांचे काम स्थानिक नियमनाचे आहे.

सर्वांत नुकसानकारक गैरसमज म्हणजे ठोके अनियमित होतात ते केवळ ‘टेन्शन’मुळे, आणि मन शांत ठेवले की भागते. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात अलिंदांचे स्नायू एकजुटीने आकुंचन पावण्याऐवजी विस्कळीतपणे थरथरतात आणि नाडीला कोणताच क्रम राहत नाही. हा विकार काही रुग्णांत रात्री झोपेत किंवा भरपेट जेवणानंतर, म्हणजे शरीर निवांत असतानाच उफाळतो, हे फ्रेंच हृदयतज्ज्ञ फिलिप कूमेल यांनी १९७० च्या दशकातच नोंदवले होते. त्याचे कारण व्हेगसच्या टोकांतून स्रवणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनात आहे: एका ठोक्यानंतर दुसरा संदेश स्वीकारण्यापूर्वी स्नायूला जो विश्रांतिकाळ लागतो तो या रसायनामुळे आखूड होतो, पण अलिंदात सर्वत्र सारखा होत नाही, आणि या विषमतेतून विद्युत्‌लहरींना गोल गोल फिरत राहण्यास वाव मिळतो. धावपळीच्या वेळी काम करणारी अनुकंपी चेतासंस्था पेशींतील कॅल्शियम वाढवून अवेळी ठोक्यांची ठिणगी टाकते. दोन्ही एकाच वेळी सक्रिय झाल्या तर धोका आणखी वाढतो. मिशेल ऐसागेर यांच्या बोर्दो येथील गटाने १९९८ साली दाखवले की असे अवेळी ठोके बहुधा फुप्फुसशिरांतूनच निघतात, आणि प्रमुख गुच्छिकाही त्याच शिरांलगत आहेत. मात्र व्हेगस म्हणजे अपायकारक, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, कारण खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, तिचा प्रभाव बहुतांशी संरक्षक असतो आणि जीवघेण्या लयबिघाडांना अनुकंपी उत्तेजनच अधिक कारणीभूत ठरते.

मग गुच्छिकाच जाळून टाकल्या तर विकार मुळापासून जाईल, ही आशाही तपासली गेली आहे. नेदरलँड्समधील २४० रुग्णांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ए-फॅक्ट’ चाचणीत, छातीतून दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेत गुच्छिकाही नष्ट केल्याने वर्षभरात विकार परत येण्याचे प्रमाण घटले नाही. उलट रक्तस्राव आणि सायनस नोड मंदावण्याचे प्रकार वाढले. हे अनपेक्षित मानू नये. चेता ठिणगी टाकतात, पण ती धुमसत राहते ती आधीच ताणलेल्या, व्रण पडलेल्या स्नायूत, आणि स्नायूची ही अवस्था उच्च रक्तदाब, स्थूलता, मद्यपान, झोपेतील श्वासरोध किंवा भारतात आजही आढळणारा संधिवाती ज्वरानंतरचा झडपांचा आजार यांतून येते.

प्रत्येक अनियमितता आजार नसते. श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना मंद होणारी तरुणांची नाडी हे व्हेगसच्या निरोगी कार्याचेच लक्षण आहे. परंतु क्रमच नसलेली नाडी जाणवली, तर ती चालू असतानाच ईसीजी काढून घ्यावा. एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि रक्त न गोठू देणारे औषध द्यायचे की नाही हे लय कशाने बिघडली यावर नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांसारख्या बाबींवर ठरते.