सुगंधाच्या तळाशी

मोगऱ्याच्या गजऱ्याला सुवासिक म्हणण्यास कोणी कचरत नाही. परंतु मोगऱ्याच्या सुवासात इंडोल नावाचे एक द्रव्य असते आणि तेच विष्ठेतही आढळते, असे सांगितले की ऐकणारा नाक मुरडतो. वस्तुतः ते द्रव्य वगळले, तर मोगऱ्याचा वास फिका वाटू लागेल. सुगंधी पदार्थांचे वर्णन करणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती येथेच.

दुसरी अडचण भाषेची. ‘गोड’, ‘कडवट’ हे शब्द जिभेचे. ‘उग्र’ आणि ‘मंद’ हे केवळ वासाचा जोर सांगतात. मग एका वासासाठी दुसऱ्या वस्तूचे नाव घेणे भाग पडते. वाळ्याच्या मुळांना ओल्या मातीचा आणि किंचित धुराचा वास येतो. जुन्या चंदनाच्या गाभ्याचा वास स्निग्ध, दुधाळ, शांत. अगरूचे नवल निराळेच. त्याच्या निरोगी झाडाचे लाकूड पांढरट व जवळजवळ निर्गंध असते. खोडाला जखम होऊन आत बुरशी शिरली, म्हणजे झाड काळसर राळ निर्माण करते आणि त्या राळेला तो गहन, गोडसर, थोडासा चामड्यासारखा वास असतो. मोल येते ते या व्याधीलाच!

प्राणिज द्रव्यांत हा विरोध अधिकच तीव्र होतो. कस्तुरी प्रथम हुंगणारा बहुधा निराश होतो, कारण तिचा वास जनावराच्या गोठ्याकडे झुकणारा असतो. तीच अत्यल्प प्रमाणात मद्यार्कात विरघळवून काही काळ मुरू दिली, की ऊबदार, गोडसर, मानवी त्वचेच्या जवळचा वास उरतो. जवादी मांजराच्या ग्रंथीतील स्रावाचेही तसेच आहे. अंबर हे स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होते. ताजे असताना ते काळे आणि शेणट. वर्षानुवर्षे समुद्रावर तरंगून ऊन व खारे पाणी खाल्ल्यावर ते करडे बनते आणि त्याला समुद्राचा, जुन्या लाकडाचा, तंबाखूचा मंद वास येतो. ही जड द्रव्ये हळू उडतात व फुलांचे चंचल वास धरून ठेवतात, म्हणून अत्तरे करणाऱ्यांना ती हवी असत.

कस्तुरीमृग आपल्याच नाभीतील सुगंध रानभर शोधत फिरतो, ही कल्पना मोठी गोड. प्रत्यक्षात त्यालाच शोधत माणसे फिरली. कस्तुरी फक्त प्रौढ नरात असते, तीही सुमारे 25 ग्रॅम. पण फासाला नर, मादी, पाडस हा भेद कळत नाही. एका नराबरोबर इतरही बळी पडतात. भारतात या मृगाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, तरी चोरटी शिकार थांबलेली नाही.

कस्तुरीतील मुख्य गंधद्रव्य मस्कोन. त्याचा रेणू 15 कार्बन अणूंचे कडे आहे, हे लेओपोल्ड रुझिच्का यांनी 1926 मध्ये दाखविले. एवढे मोठे कडे टिकणारच नाही, अशी तोपर्यंत रसायनज्ञांची समजूत होती. 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. आज बाजारात ‘मस्क’ म्हणून मिळणारा वास जवळजवळ सर्वच प्रयोगशाळेतला आहे. त्यात गोठा नाही, रान नाही. साबणांतून व कपडे धुण्याच्या चूर्णांतून तो इतका सर्वत्र पसरला आहे, की आजच्या तरुणास तो हुंगावयास दिला तर त्याला मृग आठवणार नाही. दोरीवर वाळणारे स्वच्छ कपडे आठवतील.