बंदुका थंडावल्या, म्हणून अनुदानही आटलं

अमेरिकेतल्या गोळीबाराच्या ज्या बातम्या आपल्यापर्यंत पोहोचतात, त्या बहुतेक शाळेतल्या किंवा मॉलमधल्या हत्याकांडांच्या असतात. 2021 या एका वर्षात तिथे बंदुकीने 48,830 जीव गेले. त्यातले निम्म्याहून अधिक आत्महत्येचे होते, आणि सुमारे एकवीस हजार खून. या खुनांत गाजलेल्या हत्याकांडांचा वाटा अगदी थोडा. बाकीचे शहरांतल्या ठरावीक वस्त्यांत, कित्येकदा त्याच त्या चौकांत होतात. मरणारा आणि मारणारा दोघेही बहुधा तरुण असतात, आणि या वस्त्यांत फार मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीय असतात. घरासाठी कर्ज नाकारलेल्या, कारखाने बंद पडलेल्या वस्त्यांचा हा इतिहास जुना आहे. पण त्या वस्त्यांतही बंदूक उचलणारे फार थोडे. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाक्रिस्तोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतल्या 2006 ते 2012 या काळातल्या नोंदी तपासल्या. गोळी लागून जखमी झालेल्यांपैकी 70 टक्के लोक एकमेकांसोबत अटक झालेल्यांच्या जाळ्यात सापडले, आणि ते सगळं जाळं शहराच्या लोकसंख्येच्या सहा टक्क्यांहूनही लहान होतं. धोका इतका एकवटलेला असेल, तर सगळ्या वस्तीला संशयित ठरवणारा बंदोबस्त अन्यायाचा तर आहेच, शिवाय त्याचा नेमही चुकलेला आहे.

या मूठभरांपर्यंत पोहोचायचं कसं, याची दोन उत्तरं नव्वदच्या दशकाअखेरीस पुढे आली. पहिलं बोस्टनचं. तिथे 1991 ते 1995 या काळात चोवीस वर्षांपर्यंतच्या सरासरी 44 मुलांचे दर वर्षी खून होत होते. 1996 मध्ये ‘सीझफायर’ सुरू झालं. टोळ्यांतल्या तरुणांना बोलावून पोलीस, सरकारी वकील, धर्मगुरू आणि समाजसेवक एकाच खोलीत त्यांच्यासमोर बसायचे. निरोप सरळ होता: तुम्ही जिवंत आणि तुरुंगाबाहेर राहावं अशी आमची इच्छा आहे, मदत हवी असेल तर या टेबलावर आहे, आणि यापुढे खून झाला तर कारवाई साऱ्या टोळीवर होईल. 1997 मध्ये तो आकडा 15 वर आला. दुसरं उत्तर शिकागोचं. साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी हिंसा साथीसारखी पसरते असं मानून 2000 मध्ये वेस्ट गारफिल्ड पार्क या वस्तीत काम सुरू केलं. इथे पोलीस नाहीत. इथे वस्तीतलीच, कधीकाळी त्याच टोळ्यांत वावरलेली आणि तुरुंग पाहून आलेली माणसं मध्यस्थ म्हणून नेमली जातात.

या मध्यस्थाचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. रात्री कुणाला तरी गोळी लागली की तो रुग्णालयात पोहोचतो. ऑपरेशन थिएटरबाहेर जखमीचे भाऊ आणि मित्र उभे असतात, फोनवर नावं फिरत असतात. गोळी कुणी झाडली हे तो विचारत नाही. आता यातला कोण निघणार आहे, एवढंच त्याला हवं असतं. त्या मुलाला तो बाजूला घेतो, रात्रभर सोबत राहतो, गरज पडली तर त्याच्या आईला उठवून त्याला दोन दिवस दुसऱ्या गावी मावशीकडे धाडतो. मग पलीकडच्या टोळीतल्या ओळखीच्याला गाठतो आणि भांडण नेमकं कशाचं ते काढतो. पुष्कळदा मुळाशी उधारी असते, जुनी मैत्रीण असते, नाहीतर इन्स्टाग्रामवरचा एखादा अपमान. राग उतरायला वेळ मिळाला की सूडाची साखळी तिथेच तुटू शकते. पांढरपेशा समाजसेवकाला हे जमणार नाही, कारण त्या कॉरिडॉरमध्ये त्याचं कुणी ऐकणारच नाही. आपल्याकडे भिवंडीत सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यांचा भर सामान्य रहिवासी आणि पोलीस यांच्यातल्या रोजच्या ओळखीवर होता. दंगलीत अफवा रोखायला ती ओळख कामाची ठरते. इथे मात्र बंदूक हातात असलेल्यालाच थांबवायचं असतं, आणि तो फक्त त्या वाटेवरून परतलेल्याचंच ऐकतो.

साहजिकच विचारलं जातं की कराच्या पैशातून गुन्हेगारांचे लाड का करायचे? हा आक्षेप सर्वांत जास्त रिचमंडला ऐकावा लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरच्या या लाखभर वस्तीच्या शहरात 2007 मध्ये 47 खून झाले. त्याच वर्षी महापालिकेने पोलिसांपासून वेगळं असं वस्ती-सुरक्षा कार्यालय काढलं आणि ते डिव्होन बॉगन यांच्याकडे सोपवलं. बहुतेक गोळीबारांमागे तीसहूनही कमी माणसं आहेत, असा पोलिसांचा अंदाज होता. 2010 पासून बॉगन यांनी अशांनाच अठरा महिन्यांच्या ‘फेलोशिप’मध्ये घेतलं. रोजचा संपर्क, आयुष्याचा लेखी आराखडा, आणि पहिले सहा महिने नीट पार पडले तर पुढचे काही महिने दरमहा जास्तीत जास्त हजार डॉलरपर्यंत मानधन. हा मानधनाचा पैसा देणग्यांतून येत होता. बाहेरगावच्या सहलीही होत्या, मात्र शत्रू टोळीतल्या मुलासोबत जायची तयारी असेल तरच. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या कार्यक्रमानंतर बंदुकीने होणारे मृत्यू आणि गोळी लागून रुग्णालयात येणारे रुग्ण यांत 55 टक्के घट दिसली. एका खुनाचा तपास, खटला, शस्त्रक्रिया आणि दशकानुदशकांचा तुरुंगवास यांच्या खर्चापुढे महिन्याला हजार डॉलर किती, हा हिशोब आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा करून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पुरावा सगळीकडे सारखा नाही. पिट्सबर्गमधल्या अशाच प्रकल्पाच्या मूल्यमापनात काही वस्त्यांत हल्ले उलट वाढलेले आढळले. बाल्टिमोरमध्ये एका वस्तीत यश आलं, तर दुसरीत नाही. बोस्टनची घट झाली तेव्हा देशभरच गुन्हे उतरत होते. शिकागोच्या ‘रेडी’ प्रयोगात 2,456 पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला नोकरी आणि मानसोपचार मिळाले. हिंसेचा एकत्रित निर्देशांक घेतला तर फरक ठामपणे दिसला नाही, गोळीबार आणि खुनासाठीच्या अटका मात्र 65 टक्क्यांनी कमी निघाल्या. हे सगळं झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच प्रयोगात संगणकाने निवडलेल्यांपेक्षा वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी पाठवलेल्यांवर परिणाम जास्त झाला. माझ्या मते सगळ्या तपशिलात मोलाचा तो हाच. धोक्यात कोण आहे हे यंत्र सांगू शकतं. त्यातला कोण बदलायला तयार आहे, हे मात्र त्याच्या दारात जाऊन बसलेल्यालाच कळतं. माणसं चुकीची निवडली, किंवा प्रकल्प सर्वसाधारण युवक कल्याणाकडे घसरला, की फळ मिळत नाही.

आणि काम थांबलं की मिळालेलंही जातं. बोस्टनचं सीझफायर 2000 च्या सुमारास विस्कटलं, नंतर खून पुन्हा चढले. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये 2012 साली सव्वाशेच्या आसपास खून झाले होते. तिथे सीझफायर नव्याने बांधल्यावर बंदुकीने होणारे खून सुमारे 31 टक्क्यांनी घटल्याचं अँथनी ब्रागा आणि सहकाऱ्यांनी इतर शहरांशी तुलना करून दाखवलं. मग कोविड आला आणि समोरासमोरच्या बैठका बंद पडल्या. 2021 पर्यंत आकडा पुन्हा जुन्या जागी होता. हे काम हळूहळू पातळ होत गेल्याचं 2024 च्या सुरुवातीला आलेल्या पाहणीत स्पष्ट झालं. त्या वर्षी ते पुन्हा उभं राहिलं आणि खून जवळपास एक तृतीयांशाने उतरले. महामारीनंतर देशभरच खून घटत होते, त्यामुळे सगळं श्रेय एकाला देता येणार नाही. तरी एकाच शहरात काम सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं आणि तिन्ही वेळा आकडे त्याच दिशेने हलले, हे दुर्लक्षण्यासारखं नाही. अग्निशमन दलाला वर्षभर आग लागली नाही म्हणून कुणी पगार थांबवत नाही. इथे नेमकं तेच होतं.

बंदुकाच कमी करा, हे या हिंसेवरचं सरळ उत्तर. ते बरोबरही आहे. पण नागरिकांकडे 39 कोटींहून अधिक बंदुका असल्याचा अंदाज आहे, सर्वोच्च न्यायालयाने 2008 आणि 2022 च्या निकालांनी निर्बंधांची वाट अरुंद केली आहे, आणि आज रात्री सूडाला निघालेल्या मुलाला कायदा होईपर्यंत थांबवता येत नाही. दोन्ही कामं करावीच लागतील. मध्यस्थ स्वतःही सुरक्षित नाहीत. बाल्टिमोरमध्ये 2021 च्या जानेवारीपासून साधारण वर्षभरात तीन कार्यकर्ते गोळ्यांना बळी पडले. अशा माणसांना दर वर्षी पुढच्या अनुदानाची वाट पाहायला लावणं निर्दयपणाचं आहे. 2022 च्या केंद्रीय कायद्याने या कामासाठी पाच वर्षांकरता 25 कोटी डॉलर मंजूर केले, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये न्याय विभागाने चालू असलेली कित्येक अनुदानं मध्येच रद्द केली. कॅलिफोर्नियाने वेगळा मार्ग काढला आहे. 1 जुलै 2024 पासून तिथे बंदूक आणि काडतुसांच्या विक्रीवर 11 टक्के कर लागतो, आणि त्यातला मोठा वाटा याच कामासाठी राखून ठेवलेला आहे.