कपडे घालण्याची साधने: गैरसमज आणि वस्तुस्थिती

साधनांची सवय लागली की दुबळा हात कायमचा निकामी होतो, ही समजूत पक्षाघात झालेल्यांच्या घरांत फार रुजली आहे. तिच्यामागे माया असते, पण परिणाम उलटा होतो. न वापरलेला हात अधिक आखडतो. स्वतः कपडे घालताना त्याची रोज हालचाल होते. सगळे दुसऱ्यानेच केले तर ती संधीही जाते.

एका हाताने सदरा घालता येत नाही, हेही खरे नाही. त्याला क्रम आहे. पाय जमिनीला टेकतील अशा स्थिर खुर्चीत बसावे, सदरा मांडीवर पसरावा, दुबळा हात आधी बाहीत घालून बाही खांद्यापर्यंत ओढावी आणि मग सदरा पाठीमागून फिरवून चांगला हात घालावा. काढताना चांगला हात आधी, दुबळा शेवटी. तोल कच्चा असताना उभ्याने पायजमा चढवण्याचा हट्ट मात्र धोक्याचा.

बटण लावण्याच्या हुकाला जाड मुठीपुढे तारेचा फासा असतो. तो काजातून आरपार घालायचा, त्यात बटण अडकवायचे आणि मागे ओढायचे. संधिवाताने सुजलेल्या बोटांनाही जाड मूठ धरवते.

पण एकच साधन सर्वांना चालत नाही. खुब्याचा सांधा बदलल्यावर अनेकांना काही आठवडे कंबरेत 90 अंशांहून अधिक वाकायला मनाई असते. त्यांची अडचण बोटांची नसून पायापर्यंत पोहोचण्याची असते. त्यांना लांब दांड्याचे शूहॉर्न आणि दोऱ्यांनी मोजा वर ओढणारी पन्हळ लागते. मधुमेहाने पाय बधिर असतील तर मोज्याची चुणी टोचलेली कळत नाही, म्हणून ती नजरेने तपासावी.

ही सारी महागडी, परदेशी चैन आहे, हा समजही चुकीचा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी 1950 मध्येच व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. कोणती हालचाल अडते हे पाहून व्यवसायोपचारतज्ज्ञ साधन सुचवतात, आणि पुष्कळदा काम शिंप्याकडेच भागते: परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक, चेनला मोठी कडी, शिवलेली नऊवारी, ब्लाउजच्या हुकांच्या जागी वेल्क्रो. वेल्क्रो मात्र बंद करूनच धुवावे, नाहीतर त्यात धागे अडकून पकड सुटते.