घरच्या कणकेचा ओट्स-ब्रेड

गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न सारखा येतो. घरात कुणाला साखरेचा त्रास असला, की शहरातून आलेला पाहुणा सांगून जातो, "साधा पाव बंद करा, ब्राऊन ब्रेड खा." मग आपण तालुक्याच्या दुकानातून महागाचा ब्रेड आणतो. गहू आपल्या शेतातला, चक्की गल्लीतली, आणि ब्रेड मात्र विकतचा. म्हणून आज गव्हाची कणीक आणि ओट्स यांचा ब्रेड घरी कसा करायचा आणि गटाने तो विकायला घ्यावा का, हे दोन्ही बोलू.

आधी रंगाचं बघू. ब्रेड तपकिरी दिसला म्हणजे तो गव्हाच्या कणकेचाच असतो असं नाही. मैद्यात थोडी कणीक आणि रंग घातला तरी तो तपकिरी दिसतो. पाकिटावर घटकांची यादी असते. ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव आधी, असा नियम आहे. पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच ब्रेड. वाचता येणाऱ्या मुलीला दुकानात सोबत न्या आणि यादी वाचायला लावा.

आता ओट्स. आपल्याकडे काही दूधवाले शेतकरी रब्बीत ओट हिरव्या चाऱ्यासाठी लावतात. खायचे ओट्स म्हणजे त्या पिकाचे दाणे. साल काढून, वाफवून ते चपटे करतात, जवळजवळ आपल्या पोह्यांसारखे. त्यांच्यातला पाण्यात विरघळणारा तंतू पोट भरल्यासारखं ठेवतो आणि कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत करतो.

पण नुसत्या ओट्सचा ब्रेड फुगत नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की चिवट जाळं तयार होतं. यीस्ट गोड खाऊन वायू सोडतं, तो या जाळ्यात अडकतो आणि पीठ वर येतं. असं जाळं ओट्समध्ये होत नाही. म्हणून चार भाग कणीक आणि एक भाग ओट्स, एवढंच प्रमाण ठेवा.

पहिल्यांदा छोटा ब्रेड करा. कणीक 200 ग्रॅम, ओट्स 50 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट एक सपाट चहाचा चमचा, मीठ पाऊण चमचा, किसलेला गूळ एक मोठा चमचा, तेल एक मोठा चमचा, पाणी साधारण 180 मिली.

त्यातल्या 100 मिली गरम पाण्यात ओट्स भिजवा आणि कोमट होऊ द्या. कोरडे घातले तर ते नंतर पिठातलं पाणी ओढून घेतात आणि ब्रेड कोरडा पडतो. उरलेलं पाणी कोमट करा. बोट सुखाने बुडलं पाहिजे. कढत पाण्याने यीस्ट मरतं. त्यात गूळ विरघळवा, मग सगळं एकत्र करून दहा-बारा मिनिटं तिंबा. ही कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि चिकट असते. हाताला चिकटते म्हणून वर पीठ घालत बसू नका, हाताला तेल लावा.

पातेल्यावर झाकण ठेवून उबेला ठेवा. उन्हाळ्यात पाऊण तासात, थंडीत दीड-दोन तासांत पीठ दुप्पट होतं. घड्याळाकडे नको, पिठाकडे बघा. मग हलक्या हाताने दाबून हवा काढा, गुंडाळी करा, तेल लावलेल्या डब्यात ठेवा आणि पुन्हा अर्धा तास फुगू द्या. डबा अर्ध्याहून थोडाच वर भरलेला असावा.

ओव्हन नसला तरी अडत नाही. कुकरच्या तळाशी जाड मीठ पसरा, वर स्टँड ठेवा. झाकणाची शिट्टी आणि रबर दोन्ही काढा. कुकर दहा मिनिटं तापवा, डबा आत ठेवा आणि मंद ते मध्यम आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भाजा. ओव्हन असेल तर 200 अंशावर तीस-पस्तीस मिनिटं. काढल्यावर बुडाला टकटक करा. पोकळ आवाज आला की झाला. कुकरमध्ये वरची बाजू फिकी राहते, ती तव्यावर उलटी करून शेका. तासभर जाळीवर गार होऊ द्या, मगच कापा. गरम कापला तर आतून गिचका होतो.

हा ब्रेड दुकानातल्याइतका हलका होणार नाही. कोंड्यामुळे जाळं थोडं तुटतं. गोव्यातली कोंड्याची पोई आठवा, तीही दाट असते आणि लोक आवडीने खातात. घरचा ब्रेड दोन दिवसांत संपवा. पावसाळ्यात बुरशी लवकर येते. एका फोडीवर दिसली तरी अख्खा ब्रेड टाका.

आता विक्रीचं. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी हवी, लहान उद्योगालाही. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. त्यासोबत घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावा तेही. "साखर बरी करतो" असं कुठेही लिहू नका, तोंडीही सांगू नका. हाही गव्हाचाच ब्रेड आहे, त्यानेही साखर वाढते. साखरेच्या रुग्णाने पोळीऐवजी खावा, पोळीसोबत नाही. गहू सोसत नाही त्याने तर खाऊच नये.

किंमत ठरवताना कणीक, ओट्स, यीस्ट, गूळ, तेल, गॅस आणि पिशवी मोजता. त्यात मळणाऱ्या बाईची मजुरी धरा. कणीक घरची म्हणून फुकट नसते आणि हातही फुकट नसतात. मजुरी धरून भाव परवडत नसेल, तर ब्रेड घरापुरता करा. विकायलाच घ्यायचा असेल, तर आधी आठवडाभर ऑर्डरीपुरताच करा, कारण उरलेला ब्रेड तिसऱ्या दिवशी तोटा असतो.

येत्या बैठकीला प्रत्येक गटाने एक ब्रेड करून आणावा, सोबत खर्चाचा कागदही. आधी चव घेऊ, मग हिशोब वाचू.