चलनी नाण्यांची शिरगणती आणि सूरजागडचा प्रदेश

बँकेतून नाण्यांच्या पिशव्या वा गुंडाळ्या दर्शनी किमतीस घ्यावयाच्या, त्यांतील प्रत्येक नाणे तपासून संग्रहास योग्य तेवढी बाजूस काढावयाची आणि उरलेली पुन्हा बँकेत भरावयाची, हा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. त्याचे कारण तेथील कायद्यात सापडते. १९६५ च्या नाणेविषयक कायद्याने दहा व पंचवीस सेंटच्या नाण्यांतील चांदी नाहीशी झाली. अर्ध्या डॉलरमध्ये मात्र शेकडा ४० या प्रमाणात ती १९७० पर्यंत टिकून राहिली. बँकांच्या कागदी गुंडाळ्यांत जुनी चांदीची नाणी नव्या नाण्यांशी मिसळून राहिल्यामुळे शोधणाऱ्याला धातूच्याच किमतीचा लाभ होऊ लागला. भारतात या लाभास वाव राहिला नाही. १९४० मध्ये रुपयातील चांदी बारा भागांत अकरा होती ती निम्म्यावर आणण्यात आली, जुने रुपये पुढील काही वर्षांत सरकारने परत मागविले आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. त्यामुळे आजच्या भारतीय पिशवीत शोधावयाचे ते टाकसाळीचे चिन्ह, वर्ष, छापातील दोष किंवा स्मारक नाणे. चांदीची आशा तेथे कोणी धरू नये.

तथापि हाच व्यवहार छंदापुरता मर्यादित न ठेवता ज्ञानाचे साधन म्हणून वापरला गेल्याचे एक उदाहरण भारताच्याच अर्थेतिहासात आहे. १८६८ मध्ये इंग्लंडात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने बँकांच्या साहाय्याने सोन्याची नाणी वर्षवार मोजवून घेतली व त्यांवरून देशातील सुवर्णचलनाचा अंदाज बांधला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात हीच रीत भारत सरकारने रुपयास लावली. ठिकठिकाणच्या सरकारी खजिन्यांतून रुपयांच्या थैल्या उघडून कोणत्या वर्षाचे किती रुपये आहेत याची नोंद होऊ लागली. हीच रुपयांची शिरगणती होय. आणि प्रत्येक रुपयावर राजाचे वा राणीचे शीर असल्याने हा शब्द येथे अक्षरशः लागू पडतो. एफ. सी. हॅरिसन व एफ. जे. अ‍ॅटकिन्सन यांनी या आकड्यांचा उपयोग करून चलनातील एकूण रुपयांचे अनुमान केले, आणि केन्स याने १९१३ च्या आपल्या भारतीय चलनावरील ग्रंथात त्या अनुमानांची दखल घेतली. १८९३ मध्ये टाकसाळी खाजगी चांदीस बंद झाल्यानंतर देशात रुपये आहेत तरी किती, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिला नव्हता हे ध्यानात घेतले म्हणजे या खटाटोपाचे महत्त्व कळते.

रीतीचे गणित सोपे आहे. समजा, एखाद्या वर्षी टाकसाळीने ५ कोटी नाणी पाडली आणि तपासलेल्या २,००० नाण्यांत त्या वर्षाची १०० निघाली. हे प्रमाण शेकडा ५ होते. म्हणून चलनात एकूण १०० कोटी नाणी असावीत. नमुना निव्वळ यदृच्छेने निवडला गेला असे मानले तरी या शेकडा ५ मध्ये सुमारे एकाची चूक दोन्ही बाजूंना संभवते, म्हणजे एकूण संख्या ८३ कोटींपासून १२५ कोटींपर्यंत कोठेही असू शकेल. शिवाय वितळलेली, पुरलेली, परदेशी गेलेली नाणी वजा करावी लागतात ती वेगळीच.

परंतु खरी अडचण गणितात नाही. ती दोन गृहीतांत आहे. पहिले गृहीत असे की, नाण्यावरचे वर्ष हेच त्याच्या पाडणावळीचे वर्ष होय. भारतीय रुपयाच्या बाबतीत हे दीर्घकाळ खोटे होते. १८३५ चा रुपया १८४० पर्यंत, १८४० चा रुपया १८६१ पर्यंत आणि १८६२ चा रुपया पुढे दहाबारा वर्षे त्याच सालाने पाडला जात होता; मुंबई टाकसाळीच्या १८६२ च्या रुपयांवर वर्ष ओळखण्याची खूण म्हणून बारीक ठिपक्यांचा आधार घ्यावा लागतो. ठिपके न पाहता केलेली मोजणी एका दशकाची पाडणावळ एका वर्षाच्या नावे जमा करते. दुसरे गृहीत असे की, नाणी देशभर पुरेशी मिसळलेली असतात. त्याची कसोटी शहरी पेढीवर लागत नाही. ती लागते ती सूरजागडसारख्या प्रदेशात.

सूरजागड हे गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील डोंगराळ ठिकाण. लोहखनिजासाठी त्याचे नाव अलीकडे सर्वत्र झाले असले तरी पूर्वी ते चांदा जिल्ह्यातील जमीनदारी मुलखात मोडत असे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा चंद्रपूर जिल्ह्यापासून २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. माडिया गोंडांच्या या मुलखात मोहफूल, चारोळी व मीठ यांची अदलाबदल नाण्यांच्या बरोबरीने चालत आली. रोकड येई ती मुख्यतः तेंदूपानाच्या हंगामात, आणि आठवडी बाजारांतून ती पुन्हा व्यापाऱ्यांकडे जाई. म्हणजे येथे नाण्याचा ओघ वर्षभर सारखा नसून ठराविक दिवसांना बांधलेला. अशा ठिकाणी बँकेच्या पिशवीत काय सापडते यावर मिसळण्याच्या गृहीताचे खरेखोटेपण ठरते.

पिशवीचा मार्गही समजून घेतला पाहिजे. नवी नाणी टाकसाळीतून रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयाकडे (विदर्भापुरते ते नागपुरास आहे), तेथून व्यापारी बँकांनी सांभाळलेल्या चलनपेट्यांत व छोट्या नाण्यांच्या कोठारांत, आणि तेथून शाखांत जातात. या मार्गाने आलेली बंद पिशवी एका टाकसाळीची व बहुधा एकाच वर्षाची असते. शिरगणतीस ती निरुपयोगी. उपयोगी पिशवी ती जी उलट दिशेने, म्हणजे किराणा दुकानदार, एस. टी. चा वाहक किंवा देवळाची दानपेटी यांच्याकडून गल्ल्यावर परत येते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे बँकांनी एक व दोन रुपयांची नाणी शक्यतो वजनाने घ्यावीत, आणि प्रत्येकी १०० नाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या करून दिल्यास उभयतांना सोयीचे होते. अमेरिकेतील गुंडाळीला भारतातील प्रतिरूप असेल तर ते हेच.

वजनाची मात्र एक गंमत आहे, आणि ती संशोधकाला महाग पडू शकते. १९९२ पासूनचा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा व २५ मिलिमीटर व्यासाचा. २०११ पासूनचा रुपया ३.७९ ग्रॅमचा व २२ मिलिमीटरचा. २०११ पासूनचे दोन रुपयांचे नाणे पुन्हा ४.८५ ग्रॅमचे व २५ मिलिमीटरचेच. म्हणजे तराजूला जुना रुपया व नवे दोन रुपये यांतील भेद कळत नाही, आणि बाजारातील वृद्धेच्या बोटांनाही तो सहज कळत नाही. वजनावरून शंभराची मानलेली पिशवी प्रत्यक्षात शंभराची आहे असे न धरता नाणी हातांनीच मोजावीत.

टाकसाळ ओळखण्याची खूण वर्षाच्या खाली असते: मुंबईचा चौकट हिरा, हैदराबादचा तारा (आधीच्या काळात दुभंगलेला हिरा), नोएडाचा ठिपका, कलकत्त्याची खूण नाही. नोएडाची टाकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, म्हणून त्यापूर्वीच्या नाण्यावर तिचा ठिपका दिसला असे वाटल्यास भिंग बदलावे. १९८५ मध्ये आणि पुन्हा १९९० नंतरच्या दशकात काही नाणी परदेशी टाकसाळींतही पाडून आणली गेली. १९८५ च्या रुपयावर बर्मिंगहॅमचे इंग्रजी ‘एच’ हे अक्षर आढळते. सूरजागडापासून हैदराबाद मुंबईहून कितीतरी जवळ. तेव्हा पिशवीत ताऱ्याचे आधिक्य असेल असे प्रथमदर्शनी वाटते. पण वाटप नागपूरमार्गे होत असल्याने भूगोलाची जवळीक व चलनाची जवळीक या भिन्न गोष्टी ठरू शकतात. यातील एक सापळा क्वचितच लक्षात घेतला जातो. झिजलेल्या नाण्यावरची खूण पुसट झाली की ते नाणे कलकत्त्याच्या खात्यात पडते. हंगामी, हाताळून झिजलेल्या चलनाच्या प्रदेशात कलकत्त्याचा वाटा त्यामुळे कृत्रिमपणे फुगतो. उपाय एकच: वर्ष स्पष्ट वाचता येत नसलेली नाणी ‘अनिश्चित’ म्हणून वेगळी नोंदावी, कलकत्त्यात ढकलू नयेत.

छांदिष्टांनी आधी चाळलेली पिशवी हा आणखी एक दोष. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे व संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे स्मारक नाणे, किंवा २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे, शहरातील पिशवीत कमी दिसले तर ते कमी पाडले गेले असे ठरत नाही. कोणीतरी उचलून ठेवले एवढेच. ग्रेशॅमचा नियम येथे धातूऐवजी छापावर चालतो. दूरच्या तालुक्यात चाळणारे हात थोडे असल्याने तेथील नमुना याबाबतीत अधिक निर्मळ असण्याचा संभव आहे, आणि शिरगणतीसाठी अशा प्रदेशाचे मोल त्यातच आहे. तेही फार काळ राहील असे दिसत नाही. गेल्या दशकात सुरू झालेल्या खाणकामाबरोबर बाहेरची माणसे, वाहने व पैसा या भागात येऊ लागला, आणि दूरध्वनीवरील देवघेवीने नाण्याचे कामच अनेक ठिकाणी काढून घेतले.

येथे एका व्यावहारिक गोष्टीचा विचार अवश्य करावा लागतो. शहरातील शाखेतून चार पिशव्या बाहेर गेल्या तर कोणाचे अडत नाही. जेथे मैलोगणती दुसरी शाखा नाही तेथे त्याच चार पिशव्या म्हणजे एका बाजाराची मोड. मोड नसली की दुकानदार उरलेल्या दोन रुपयांची काडेपेटी वा गोळ्या हातावर ठेवतो आणि तोटा विकणारीचा होतो. दहा रुपयांच्या नाण्याविषयी देशाच्या अनेक भागांत अविश्वास पसरला तेव्हा रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी सर्व १४ छापांची नाणी वैध असल्याचे जाहीर करावे लागले; ज्याच्या हाती दिवसाच्या विक्रीची अशी चार-पाच नाणी येतात त्याला ती नाकारली जाणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणून पिशवी शाखेतच, रोखपालासमोर मोजावी आणि त्याच दिवशी परत करावी. कायदाही याच दिशेने आहे: २०११ चा नाणे अधिनियम वाजवी गरजेहून पुष्कळ अधिक नाणी दर्शनी किमतीहून निराळ्या किमतीस विकण्यासाठी किंवा वितळविण्यासाठी बाळगण्यास मनाई करतो. संग्रहासाठी ठेवलेले एखाददुसरे नाणे त्यात येत नाही. पोतेभर नाणी येऊ शकतात.

बँकेच्या पिशवीत जे कधीच येत नाही त्याचीही नोंद वेगळी ठेवावी. ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली. मध्य भारतातील आदिवासींच्या गळ्यातील माळांत ओवलेले जुने रुपये व आणे तर त्याच्या कितीतरी आधी. भोक पाडलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने बिघडलेले असते. इतिहासाच्या दृष्टीने ते चलनातून केव्हा व का बाहेर पडले याचा तोच पुरावा होय. मात्र ते अंगावरून उतरवून विकत घेण्याचा मोह टाळून जागीच वर्ष, टाकसाळ व भोकाची जागा टिपून घ्यावी. जमिनीतून निघालेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. शिरगणतीच्या तक्त्यात या दोहोंना स्थान नाही. तक्त्यात प्रत्येक पिशवीमागे शाखा, तारीख, पिशवी कोणत्या प्रकारच्या खातेदाराकडून आली, एकूण मोजलेली नाणी, अनिश्चित नाणी आणि मग वर्ष व टाकसाळीप्रमाणे आकडे, असा क्रम असावा. तेंदूपानाच्या हंगामापूर्वीची एक व नंतरची एक अशा दोन मोजण्या त्याच शाखेत घेतल्यास बाहेरून आलेली रोकड किती वेगाने मिसळते याचा पहिला अंदाज मिळू शकेल.