खून गावात, चौकशी ओट्यावर

इंग्रजी रहस्यकथेत एक लाडका प्रकार आहे: कोझी मिस्टरी. गाव लहान, खून पडद्याआड, रक्ताचा थेंब नाही, आणि तपास करणारी व्यक्ती पोलिस खात्यातली नसून शेजारची काकू. त्यात दोन बहिणी तपासाला लागल्या की वाचकांची चैन, कारण संशयितापेक्षा त्यांचंच भांडण जास्त रंगतं. हा प्रकार नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत रुजेल का? मला विचाराल तर सगळं सामान तिथे तयार आहे, खून तेवढा कमी पडतोय.

डिवचलं बहिणीने, फायदा जगाचा

या सगळ्या खेळाच्या मुळाशीच दोन बहिणी आहेत. अगाथा ख्रिस्तीची थोरली बहीण मॅज हिने तिला सरळ सांगितलं होतं की तुला डिटेक्टिव्ह कथा काही जमायची नाही. थोरलीने असं म्हटल्यावर धाकटी गप्प बसते होय? पहिल्या महायुद्धात अगाथा टॉर्की गावच्या इस्पितळात औषधं बनवायच्या खोलीत काम करत होती. भोवती बाटल्याच बाटल्या, त्यातल्या निम्म्या विषाच्या. तिने कुचल्यातून निघणारं स्ट्रिक्नीन निवडलं आणि १९२० साली तिची पहिली कादंबरी आली. त्यातलं विषाचं काम इतकं चोख होतं की औषधशास्त्राच्या नियतकालिकानेही पाठ थोपटली.

पण मॅजही काही कमी नव्हती. १९२४ साली तिचं नाटक लंडनच्या वेस्ट एंडला लागलं, तोतया वारसाच्या विषयावरचं. अगाथाचं पहिलं नाटक रंगमंचावर यायला १९३० उजाडलं. म्हणजे रंगभूमीवर थोरलीच पुढे. जेवणाच्या टेबलावर हा विषय किती वेळा निघाला असेल, याचा अंदाज बहिणी असलेल्या वाचकांनी करावा.

म्हाताऱ्या सुसाट

निव्वळ हेरगिरी करणाऱ्या बहिणी हव्या असतील तर १९७३-७४ ची अमेरिकन टीव्ही मालिका ‘द स्नूप सिस्टर्स’ बघा. अर्नेस्टा आणि ग्वेंडोलिन, दोघी वयस्कर, दोघी रहस्यकथा लिहिणाऱ्या, आणि खरा खून दिसला की लेखणी ठेवून धावणाऱ्या. भाचा पोलिसात, त्याच्या डोक्याला ताप. गाडी चालवायला ठेवलेला माणूस आधी तुरुंगाची हवा खाऊन आलेला. मालिका जेमतेम काही भाग चालली. मात्र अर्नेस्टा झालेल्या हेलन हेज यांना पुढे १९८३ मध्ये अगाथाच्या विणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या हेराची, मिस मार्पलचीच भूमिका मिळाली.

‘मर्डर, शी रोट’ ही मालिका मात्र १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं, २६४ भाग चालली. तिची जेसिका फ्लेचर कॅबट कोव्ह नावाच्या चिमुकल्या गावात राहते, आणि तिथे इतके मुडदे पडतात की चाहते गमतीने त्या गावचा खुनांचा दर काढत बसतात. आपल्याकडे एवढं झालं असतं तर गावाने आधी जेसिकाबाईंवरच उतारा टाकला असता.

बिलोलीत काय काय आहे

बिलोली तेलंगणाच्या उंबऱ्यावर आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्यामुळे ओट्यावर बसलेली बाई एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात तेलुगू आणि भाजीवाल्याशी दखनी बोलते. हेराला याहून मोठं भांडवल कोणतं? संशयित कोणत्याही भाषेत कुजबुजला तरी कुणीतरी समजणारं असतंच.

गावात औरंगजेबाच्या काळातली, नवाब सरफराज खानांच्या नावाची दगडी मशीद आहे. जुन्या वास्तूशिवाय रहस्यकथेला रंग चढत नाही, ती सोय झाली. कोझीत मांजर लागतंच, इथे तर अख्खी मांजरा वाहते. ही नदी इथे महाराष्ट्र आणि तेलंगणाची हद्द आहे, पलीकडे बोधन. आता कल्पना करा, वाळूत मधोमध एक गाठोडं सापडलं. अलीकडचे पोलिस म्हणणार तुमचं, पलीकडचे म्हणणार तुमचं. काही वर्षांपूर्वी सीमेवरच्या काही गावांनी ‘तिकडच्या योजना बऱ्या, आम्हाला तेलंगणात घ्या’ अशी मागणीच केली होती. गाठोड्याला विचारलं असतं तर त्यानेही कदाचित तेच सांगितलं असतं.

आणि आपल्या दोघी हेर बहिणी? त्या पंचमीला माहेरी आलेल्या असणार. थोरली नांदेडला दिलेली, धाकटी निजामाबादला. तपासाची पद्धत साधारण अशी:

‘अक्का, ह्यो माणूस खोटं बोलूलालाय बघ.’

‘गप गं. आधी चहा पिऊ दे त्याला. कपबशी हातात असली की माणूस पळत न्हाई.’

पोलिसांना जे कोठडीत कळत नाही ते इथे दुसऱ्या कपाला कळतं. कोझी मिस्टरीला रक्त लागत नाही ते यामुळेच: तिचं सगळं इंधन म्हणजे हक्काने केलेली चौकशी. कुणाची लेक, कुठं दिली, सासरी किती जण, एवढ्या प्रश्नांत निम्मा पंचनामा उरकतो.

तपासाला सर्वात अवघड दिवस मात्र महालक्ष्म्यांचा. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, म्हणजे खुद्द देवघरातही बहिणींची जोडी. तीन दिवस त्यांचा थाट, सोळा भाज्या, पुरण, आंबील. पहिल्या दिवशी दारापासून मखरापर्यंत पावलं उमटवतात. आता चोर याच दिवशी घरात शिरला तर डिटेक्टिव्हने करायचं काय? घरभर पावलांचे ठसे, आणि ते घरच्यांनीच हौसेने काढलेले. शेरलॉक होम्स भिंग टाकून जेवायला बसला असता.

खऱ्याखुऱ्या बाया

कल्पनेला सोडून खऱ्या गोष्टींकडे यायचं तर रजनी पंडित. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला खाजगी डिटेक्टिव्ह म्हणून त्यांचं नाव घेतात. वडील पोलिस खात्यात. पहिली केस अगदी कोझी होती: बरोबर काम करणाऱ्या एका बाईच्या घरातून वस्तू जात होत्या आणि संशय, अर्थातच, नव्या सुनेवर. रजनीताईंनी पाळत ठेवली तर चोर निघाला घरचा मुलगाच.

पुढची गाजलेली केस मात्र कोझी नाही. खुनाचा संशय असलेल्या बाईच्या घरी त्या सहा महिने मोलकरीण म्हणून राहिल्या. त्या स्वतः सांगतात, एकदा शांततेत टेपरेकॉर्डर ‘क्लिक’ झाला आणि मालकिणीला शंका आली, घराबाहेर पाऊल टाकणं बंद झालं. अखेर मारेकरी घरी आला त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी स्वतःच्या पायावर पाडली. रक्त थांबेना, दवाखान्यात जाते म्हणून निघाल्या आणि बाहेरून फोन केला. मिस मार्पलने विणकामाच्या सुया एवढ्या कामाला लावल्याचं ऐकिवात नाही.

१८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी तर बहिणींच्या घरातल्याच. सूझीने पुण्यात सेंट हेलेनाज शाळा काढली, अॅलिस डॉक्टर झाली, कॉर्नेलिया ऑक्सफर्डला कायदा शिकली. १८९२ मध्ये परीक्षा दिली, बाईमाणसाला पदवी द्यायला मात्र विद्यापीठाला तीस वर्षं लागली. पडद्यातल्या विधवांची इस्टेट नातेवाईक कशी गिळतात, हे शोधायला पुरुष वकील आत जाऊ शकत नव्हता, कॉर्नेलियाबाई जाऊ शकत होत्या. लेखिका सुजाता मॅसी यांनी त्यांच्यावरून आणि वकील मिठन लाम यांच्यावरून परवीन मिस्त्री ही १९२०च्या दशकातली मुंबईची वकीलीण रचली. २०१८ च्या पहिल्याच कादंबरीत मलबार हिलवरच्या तीन विधवा आहेत आणि त्यांच्या कागदपत्रांत काहीतरी काळंबेरं.

मराठी कपाटातले पुरुष

आपल्या रहस्यकथांनी बायकांना हेरगिरीची कामं फार दिली नाहीत. बाबूराव अर्नाळकर, खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. नायक झुंजार, काळापहाड, धनंजय. गुरुनाथ नाईकांच्या बाराशेच्या वर. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, सायकलवरचा. सगळे पोरगे-बाप्ये. इंग्रज लेखक कीटिंग याने १९६४ साली इन्स्पेक्टर गणेश घोटे हा मुंबईचा मराठी अधिकारी उभा केला, आणि भारतात पाऊल टाकलं दहाएक वर्षांनी. न बघता एखादा मुंबई लिहू शकतो, मग बघून-सवरून बिलोली लिहायला कुणाची हरकत आहे?

विलायती कोझीच्या शेवटी बऱ्याचदा पाककृती असते, केकची वगैरे. बिलोलीच्या पुस्तकात ती सुशीला या चुरमुऱ्यांच्या पदार्थाची असेल. चुरमुरे भिजवून लगेच पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायचे, वरून फुटाण्याच्या डाळीचं कूट. मिरची धर्माबादची, जवळच मिळते. ती किती टाकायची यावरून अक्का आणि धाकटी यांचं जे भांडण होईल, त्याला मी पुस्तकाचं एक प्रकरण अख्खं देईन.